बांधावरचा डबा

शिरूर तालुक्यात न्हावऱ्याहून पारगावच्या पुलाकडे निघालं की भीमेच्या अलीकडे दुतर्फा ऊस लागतो. पूल ओलांडला की दौंड तालुका. याच पट्ट्यातल्या एका वस्तीवर आप्पा आणि तात्या हे चुलत भाऊ शेजारीशेजारी राहत. जमीन एकाच आजोबांची, वाटणी झालेली, आणि मधे एक बांध. त्या बांधावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. आप्पा म्हणत, तात्या दर नांगरटीला बांध कोरतो. तात्या म्हणत, आप्पाने वाकडा केलेला बांध मी सरळ करतो. सणासुदीला पोरांच्या हातून ताटं जात, मोठी माणसं जात नसत.

वस्तीवर मोबाइलची रेंज गच्चीवर गेल्याशिवाय मिळत नसे, मिळाली तरी टिकत नसे. २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली. पंचायतींपर्यंत केबल पोहोचत गेली तसा वाड्यावस्त्यांनाही घरच्या फायबरचा ध्यास लागला. इथे गावातल्या केबलवाल्याने स्वतःचे खांब रोवत लाइन वस्तीपर्यंत ओढली. शेवटचा खांब कुठे रोवायचा यावर अडलं. आप्पांना तो तात्यांच्या रानात नको होता, तात्यांना आप्पांच्या रानात. शेवटी खांब बांधावरच उभा राहिला. त्यावर पांढरा प्लास्टिकचा डबा बसला आणि त्यातून एक वायर आप्पांच्या घरी गेली, एक तात्यांच्या.

आप्पांच्या सूनबाईंचं माहेर दौंडचं. मुंबई–सोलापूर मार्गातून मनमाडचा फाटा जिथे फुटतो त्या जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या वाढल्या. वडील सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात. रुळांची लांबी टप्प्यांत वाटलेली असते; एका टप्प्यात गाडी असली किंवा काही बिघाड असला की त्या टप्प्याच्या तोंडाशी सिग्नल लाल राहतो. वडील ड्यूटीवरून आले की सांगायचे, "लाल दिवा दिसला की आधी टप्पा शोधायचा, माणूस नंतर." लेकीच्या डोक्यात ते कायमचं बसलं होतं.

म्हणून केबलवाला पोरगा जोडणी करायला आला, तेव्हा सूनबाई चहा ठेवून स्वयंपाकघरात थांबल्या नाहीत. वही घेऊन त्याच्याजवळ बसल्या. बारावीतली लेक, म्हणजे आप्पांची नात, तीही शेजारी येऊन बसली.

पोराने बाहेरच्या काळ्या वायरीचं टोक सोलून दाखवलं. वर जाड आवरण, आधाराला बाजूने तार, आणि मधे काचेचा एक तंतू. तंतूवरचा पातळ लेप धरून मिलिमीटरचा चौथा हिस्सा, नुसती काच मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि ज्या गाभ्यातून उजेड धावतो तो तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक. नातीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पूर्ण आंतरिक परावर्तन होतंच. उजेड काचेच्या कडेवर आपटून पुन्हा आतच वळतो, बाहेर निसटत नाही. काच पुरेशी शुद्ध केली तर असा उजेड लांबवर संदेश नेऊ शकेल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडलं आणि २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. ही काच ओढून तंतू करण्याचे कारखाने आपल्या छत्रपती संभाजीनगरातही आहेत. नातीने हे सगळं नेट सुरू झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी शोधून काढलं.

"उजेड येतो कुठून?" सूनबाईंनी विचारलं.

"गावात आमच्या ऑफिसात ओएलटी नावाचं मशीन आहे. तिथून लेझर निघतो. एका काचेतून निघालेला उजेड वाटेत स्प्लिटरने वाटला जातो. गावात एक स्प्लिटर आहे, दुसरा तुमच्या बांधावरच्या डब्यात. त्या डब्याला आठ तोंडं आहेत. दोन वापरात, सहा टोपणं लावून मोकळी."

"त्या डब्याला लाइट लागते?"

"नाही काकी. तिथे फक्त काच आहे. लाइट लागते ती आमच्या ऑफिसात आणि तुमच्या घरात."

आप्पा खाटेवरून ऐकत होते. ते म्हणाले, "मग लाइट गेली की नेट गेलं म्हणायचं. आपला जुना फोन बरा होता. गावात अंधार असला तरी वाजायचा."

आप्पांचं बरोबर होतं. जुन्या फोनच्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीची वीजही घरात येत असे, म्हणून फोन जिवंत राही. काचेतून वीज येत नाही. त्याचा एक फायदा असा, की पावसाळ्यात कुठे वीज पडली तर ती या काचेवाटे घरात शिरत नाही. तोटा असा, की घरातल्या डब्याला स्वतःची वीज लागते. सूनबाईंनी वहीत लिहिलं: बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणायचा. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी शिरूरहून तो आणलाही.

मग पोराने भिंतीवर घरातला डबा बसवला. "हा ओएनटी. लोक याला राउटर म्हणतात, मोडेम म्हणतात. उजेडातून आलेला निरोप हा विजेच्या भाषेत आणतो आणि वायफायने घरभर पसरवतो. ही पिवळी कॉर्ड. हिच्या टोकाचा हिरवा कनेक्टर बघा, आतली काच तिरकी घासलेली असते, म्हणून याला निळा कनेक्टर जोडायचा नाही. कॉर्ड घट्ट मुडपायची नाही, कपाटामागे दाबायची नाही. मुडपली की उजेड वळणावर गळतो. आणि तोंड उघडं असलं तर डोळा लावून बघायचं नाही. हा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो."

"आणि हे दिवे?"

"पहिला पॉवर. तो नसला तर अडॅप्टर किंवा बटण बघायचं. दुसरा पॉन. तो स्थिर हिरवा म्हणजे तुमच्या डब्याची आमच्या मशीनशी ओळख पटली. तिसरा लॉस. तो एरवी बंद असतो. लाल लुकलुकला, म्हणजे घरापर्यंत उजेड पोहोचत नाही. पॉन हिरवा, लॉस बंद आणि तरी नेट नाही, तर काच ठीक आहे. भानगड पुढे कुठेतरी, नाहीतर तुमच्या वायफायमध्ये."

सूनबाईंनी मागच्या बाजूचं बारीक भोक दाखवलं. "हे?"

"रिसेट. त्यात टाचणी घालू नका. डब्यात भरलेली सगळी सेटिंग पुसली जाते. मग काच चांगली असली तरी मी येईपर्यंत नेट बंद."

पोरगा गेल्यावर सूनबाईंनी एका कागदावर चित्र काढलं: ऑफिस, गावातला स्प्लिटर, बांधावरचा डबा, बाहेरची वायर, पिवळी कॉर्ड, घरातला डबा, वायफाय, फोन. प्रत्येक दोन गोष्टींमधली रेघ म्हणजे एक टप्पा. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पुढे ऊसतोड सुरू झाली. केडगावच्या बाजूच्या गुऱ्हाळाला आप्पांचा ऊस जाऊ लागला. ट्रॉल्या उंच भरून पुलाकडे निघत, मागे रस्त्यावर पाचट सांडलेलं असे.

अशाच एका दुपारनंतर नातीने सीईटीचा अर्ज भरायला घेतला. शेवटची तारीख होती, रात्री बारापर्यंत मुदत. फोटो चढवायचा, सही चढवायची, पैसे भरायचे. अर्धा अर्ज झाला आणि पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं. भिंतीवरच्या डब्यावर लॉसचा लाल दिवा लुकलुकत होता.

नातीचे वडील रांजणगाव एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेले होते. केबलवाल्याला फोन लावायला धाकटे काका गच्चीवर गेले. केबलवाला दुसऱ्या गावात लाइन जोडत होता. सकाळी येतो म्हणाला. काका खाली आले ते टाचणी शोधतच. "रिसेट मारून बघू. कायतरी होईल."

"भाऊजी, थांबा," सूनबाई म्हणाल्या. "आत्ता एकच गोष्ट बिघडलीय. तुम्ही टाचणी घातली की दोन होतील."

आप्पा मात्र आधीच उठून ओसरीच्या कडेला गेले होते. त्यांची नजर बांधावरच्या खांबावर होती. "मला कळलं काय झालं ते. सकाळी तात्या त्या खांबापाशी उभा होता, मी बघितलाय. वायर त्यानेच तोडली. पोरीचं वर्ष घालवायला निघालाय. आज मी पोलीस पाटलाकडे जाणार."

घरात कोणी बोललं नाही. इतकी वर्षं बांधाचं भांडण ऐकलेल्यांना ते खरंच वाटलं. नातीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सूनबाई म्हणाल्या, "आप्पा, आधी टप्पा शोधू. माणूस काय, उद्या सकाळीही तिथेच असेल."

त्यांनी कपाट उघडलं, कागदावर बोट ठेवलं आणि घरापासून सुरुवात केली. पॉवरचा दिवा लागलेला होता, म्हणजे वीज ठीक. पिवळी कॉर्ड हाताने चाचपत टोकापर्यंत गेल्या. कुठे मुडपलेली नाही, उंदराने कुरतडलेली नाही, हिरवा कनेक्टर नीट बसलेला. डबा बंद करून थोड्या वेळाने चालू केला. लाल दिवा पुन्हा लुकलुकू लागला. घरातले टप्पे संपले.

"आता दोनच गोष्टी उरल्या," त्या म्हणाल्या. "बिघाड एकतर बांधावरच्या डब्यापासून आपल्या घरापर्यंत आहे, नाहीतर डब्याच्या मागे गावाकडे. यातलं कोणतं, ते आपल्या घरात बसून कळणार नाही. ते फक्त एका माणसाला विचारून कळेल."

"कोणाला?" काकांनी विचारलं.

"तात्यांना. त्यांची काच आणि आपली काच त्या डब्यापर्यंत एकच आहे. त्यांचा दिवाही लाल असला तर गावाकडे काहीतरी तुटलंय, त्यात ना त्यांचा हात ना आपला. त्यांचं नेट चालू असलं तर बिघाड डब्यापासून आपल्या भिंतीपर्यंत आहे, तेवढंच शोधायचं."

आप्पा म्हणाले, "त्याच्या दारात तू जायचं नाहीस."

सूनबाईंनी डोक्यावर पदर घेतला. आवाज न चढवता म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही पाटलाकडे जाऊन हेच सांगणार ना, की तात्यांनी तोडली? पाटील विचारील, तात्यांचं नेट चालू आहे का? तेव्हा काय सांगाल? जे पाटील विचारणार, ते आपणच विचारून येऊ." आणि लेकीला घेऊन त्या बांध ओलांडून गेल्या.

तात्या गोठ्यात धार काढत होते. सुनेला दारात बघून त्यांनी बादली खाली ठेवली. "काय गं, घरात सगळं बरं आहे ना? आप्पा बरा आहे ना?"

बोलणं बंद असलेल्या माणसाने पहिला प्रश्न हा विचारला.

"सगळं बरं आहे तात्या. आमचं नेट गेलंय. तुमचं चालू आहे का, एवढंच विचारायला आले."

तात्यांच्या घरच्या काकींनी आत जाऊन बघितलं. त्यांच्या डब्यावर पॉन स्थिर हिरवा होता, लॉस बंद. नेट चालू होतं. सूनबाईंना त्या एका दिव्यात सगळं कळलं. गावापासून बांधावरच्या डब्यापर्यंत उजेड नीट येत होता. बिघाड होता तो आपल्या घराकडे जाणाऱ्या वायरीत.

तात्यांना अर्जाचं कळलं तसे ते म्हणाले, "मग पोर रडत का उभी आहे? ही ओसरी काय परक्याची आहे?" काकींनी पासवर्ड सांगितला. नातीने डबा होता त्या खोलीच्या जवळ सरकून पाच गिगाहर्ट्झचं वायफाय पकडलं. भिंतीपलीकडे ते दमतं, पण जवळ बसलं की जोरात चालतं. फोटो चढला, सही चढली, पैसे भरले गेले. मुदत संपायला अजून कितीतरी वेळ होता. काकींनी तिच्या हातावर गुळाची ढेप फोडून खडा ठेवला.

तोवर तात्यांनी बॅटरी घेतली. "चल, वायर बघू. सकाळी मी खांबापाशी गेलो होतो तो ह्याचसाठी. तुमची वायर रस्त्यावर खाली आलेली दिसली. आप्पाला सांगावं वाटलं होतं. पण सांगायचं कोणत्या तोंडाने?"

तात्या आणि सूनबाई खांबापासून वायरीखालून चालत आले. रस्ता ओलांडते तिथे वायर झोळीसारखी लोंबत होती. एका जागी काळं आवरण खरवडून पांढरं पडलेलं, आणि आधाराच्या तारेच्या पिळात उसाचं पाचट अडकलेलं. काच तिथेच तुटली होती.

आप्पा ओसरीतून बॅटरीचा उजेड बघत होते. न राहवून तेही रस्त्यावर आले. तात्यांनी काही न बोलता बॅटरी त्या पाचटावर धरली. आप्पा बराच वेळ बघत राहिले. आज दुपारी या रस्त्याने एकच ट्रॉली गेली होती, आणि तीत ऊस आप्पांचा होता. ट्रॉली उंच भरा, एक खेप वाचेल, असं त्यांनीच टोळीच्या मुकादमाला सांगितलं होतं.

"तात्या," आप्पा म्हणाले, "मी तुझं नाव घेऊन पाटलाकडे निघालो होतो."

तात्या म्हणाले, "माझी तुटली असती तर मीही तुझंच घेतलं असतं."

सकाळी केबलवाला आला. त्याने बांधावरच्या डब्यात आप्पांच्या तोंडाला पॉवर मीटर लावला. आकडा आला मायनस एकोणीस. "उत्तम. मायनस सत्तावीसपर्यंत चालतं, त्याच्या खाली गेलं की डबा आंधळा. तीन अंक घसरले की उजेड निम्मा झाला समजा." मग घराकडच्या टोकाला मीटर लावला, तिथे काहीच नव्हतं. कोणाचं म्हणणं खरं, यावर बोलायला जागाच उरली नाही. त्याने तुटलेला तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलली, स्पिरिटने पुसली, नेमकी कापली आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर दोन काचा एकमेकींच्या रांगेत सरकताना दिसल्या, एक ठिणगी पडली आणि त्या एक झाल्या. जोडावर नळी चढवून त्याने तो डबीत ठेवला, वायर ट्रॉलीच्या वर राहील अशी उंच ताणली. घरात मीटर मायनस वीसच्या आत होता. लाल दिवा विझला, पॉन हिरवा झाला.

आप्पा आणि तात्या सगळा वेळ मीटरकडे बघत उभे होते. तात्या म्हणाले, "आप्पा, आपल्या बांधालाही एकदा मीटर लावू. तू म्हणतोस मी कोरला, मी म्हणतो तू. मोजलाय कोणी?"

त्या आठवड्यात दोघं एकाच मोटारसायकलवरून शिरूरला गेले आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज देऊन आले. फी निम्मी निम्मी भरली. मोजणीत बांध ज्याच्या बाजूला सरकेल त्याने तो निमूट मान्य करायचा, असं दोघांनी घरच्यांसमोर कबूल केलं. आता आप्पांच्या ट्रॉल्या कमी उंच भरतात. आणि कुठल्याही घरात लाल दिवा लागला की पहिला फोन केबलवाल्याला जात नाही, बांधापलीकडे जातो: "तुमच्याकडे चालू आहे का?" त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर केबलवाल्यालाही बिघाड कुठे आहे ते आधीच सांगता येतं, आणि त्याची एक खेप वाचते.

तात्पर्य: जी वस्तू घरात आणली तिची वाट उगमापासून भिंतीपर्यंत समजून घ्यावी. ज्याला टप्पे माहीत असतात त्याला बिघाड सापडतो. ज्याला माहीत नसतात त्याला फक्त माणूस सापडतो, आणि बहुधा तो चुकीचा असतो. म्हणून संशय आला की आधी आपल्या घरातलं तपासावं, मग ज्याच्यावर संशय आहे त्यालाच जाऊन विचारावं, आणि तरीही पटलं नाही तर मोजून बघावं.